पोटाचा चौथा भाग

स्वात्मारामाच्या यादीप्रमाणे चालायचं ठरवलं, तर मराठी स्वयंपाकघरातलं निम्मं फडताळ रिकामं करावं लागेल. दही नको, ताक नको. हिंग, लसूण, मोहरी नको. तेल आणि तीळ नकोत, म्हणजे फोडणीच बंद. कुळीथ नको, म्हणजे कोकणातलं पिठलं गेलं. बोरं नकोत, म्हणजे संक्रांतीचं सुगड सुनं झालं. पालेभाज्याही नकोत, मासे, मटण आणि मद्य यांचा तर प्रश्नच नाही. त्याच्या पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिके’च्या पहिल्याच प्रकरणात, आसनांचं वर्णन आटोपता आटोपता ही यादी येते. माणूस पाठ कशी वाकवतो याइतकीच तो जेवतो काय याचीही या ग्रंथाला फिकीर आहे.

चालणाऱ्या पदार्थांची यादी त्यामानाने मवाळ आहे. गहू, तांदूळ, साठ दिवसांत तयार होणारा साठीचा तांदूळ, जव, दूध, तूप, लोणी, खडीसाखर, मध, सुंठ, पडवळ, मूग. मऊ भात, मुगाचं वरण, त्यावर तुपाची धार आणि बाजूला पडवळाची भाजी, असं हे ताट. तापातून उठलेल्या माणसाला आजही घरोघरी हेच वाढतात. मिरची यात कुठेच नाही, पण त्याचं श्रेय स्वात्मारामाला देता येणार नाही. ती पोर्तुगीजांबरोबर नंतर आली. तिखट चव मात्र त्याने आधीच वर्ज्य ठरवून ठेवली होती.

योग शिकू लागलेला उत्साही माणूस पुष्कळदा या याद्यांपाशीच अडकतो. कांदा चालतो का, चहा सोडायचा का, अंडं खाल्लं तर आसनांचा उपयोग होईल का, असे प्रश्न वर्ग सुरू होताच निघतात. ग्रंथाने मात्र वेगळ्याच गोष्टीला पहिला मान दिला आहे. पदार्थांची नावं घेण्याआधी स्वात्माराम मिताहार म्हणजे काय ते सांगतो: अन्न स्निग्ध आणि मधुर असावं, आणि पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून ते खावं. त्यानंतरच्या ‘घेरंडसंहिते’त हा हिशेब आणखी उलगडून येतो. अर्धं पोट अन्नाला, पाव पाण्याला आणि उरलेलं पाव वायूच्या हालचालीसाठी मोकळं. मिताहार न सांभाळता जो योगाला लागेल त्याला नाना रोग जडतील आणि योगही साधणार नाही, असा सज्जड दमही घेरंडाने भरला आहे.

साधना बिघडवणाऱ्या सहा गोष्टी ‘हठप्रदीपिके’ने मोजल्या आहेत, त्यांत अत्याहाराचा नंबर पहिला. मग अतिश्रम, बडबड, नियमांचा अट्टहास, लोकांची वर्दळ आणि चंचलपणा. यातली चौथी गोष्ट मुद्दाम थांबून पाहण्यासारखी आहे. ज्याने एवढी मोठी पथ्याची यादी दिली, त्यानेच नियमांच्या हट्टाला दोष ठरवलं. ब्रह्मानंदाच्या ‘ज्योत्स्ना’ टीकेत या हट्टाची उदाहरणं दिली आहेत: पहाटेची थंड पाण्याची आंघोळ, फक्त रात्री जेवणं, नुसत्या फळांवर राहणं. आज समाजमाध्यमांवर जे ‘योगिक डाएट’ म्हणून खपतं, त्यातलं निम्मं या एका टीकेत निकालात निघेल.

पतंजलींनी तर या फंदात पडायचंच टाळलं. योगसूत्रांत अहिंसा आहे, शौच आहे, संतोष आहे. काय खावं याचं एकही सूत्र नाही. घशाच्या खळगीवर संयम साधला की भूक-तहान निवृत्त होते, असं मात्र विभूतिपादात सांगितलं आहे. ज्यांना ते साधलं आहे, त्यांनी पुढचा मजकूर वाचला नाही तरी चालेल.

बाकीच्यांसाठी पोटाचा चौथा भाग का रिकामा ठेवायचा, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर यंत्रांच्या साहाय्याने योगाकडे पाहणाऱ्या एका मराठी माणसाच्या प्रयोगांत सापडतं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, यांची शरीरसाधना सुरू झाली ती बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्या तालमीत. नंतर मालसरच्या परमहंस माधवदासांकडे ते योग शिकले. अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. योग करताना शरीराच्या आत काय घडतं हे त्यांना केवळ श्रद्धेवर सोडायचं नव्हतं. उड्डियान आणि नौली करणाऱ्यांची त्यांनी क्ष-किरणांनी तपासणी केली, मोठ्या आतड्यातला दाब मोजला. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही निघालं. असे प्रयोग त्यात छापून येऊ लागले.

उड्डियानात श्वास पूर्ण सोडून द्यायचा, मग श्वास आत न घेता छाती फुगवल्यासारखी करायची. श्वासपटल वर खेचलं जातं आणि पोट पाठीला लागल्यासारखं आत जातं. नौलीत पोटाचे उभे स्नायू पुढे काढून फिरवले जातात. या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाखाली उतरतो, असं कुवलयानंदांना दिसलं. या निर्वात अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं. बस्ती या आतडं धुण्याच्या क्रियेत पाणी वर का ओढलं जातं, याचं उत्तर त्यातून मिळालं. जठर भरलेलं असताना हे सगळं करून पाहायला गेलं, तर श्वासपटलाला वर सरकायला आणि पोटाला आत जायला जागाच राहत नाही. मळमळ होते ती वेगळीच.

साध्या आसनांतही हेच घडतं, फक्त सौम्यपणे. जेवणानंतर आतड्यांकडे जाणारा रक्तपुरवठा वाढतो. भरलेलं जठर श्वासपटलाला खालून टेकलेलं असतं, त्यामुळे दीर्घ श्वास अर्ध्यावरच अडतो. पश्चिमोत्तानासनात पोट मांड्यांवर दाबलं गेलं, की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या झडपेसारख्या स्नायूवर जोर येतो आणि आंबट पाणी घशाशी येतं. सर्वांगासनात तर गुरुत्वाकर्षणच उलटं. ज्यांना मुळातच आम्लपित्ताचा किंवा जळजळीचा त्रास आहे, त्यांना हे चटकन जाणवतं. सामान्य जेवण जठरातून बरंचसं पुढे सरकायला तीन-चार तास जातात, तेल-तूप भरपूर असेल तर त्याहून जास्त. पातळ पदार्थ लवकर सुटतात.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट ऑन योगा’त त्यांनी याविषयी घालून दिलेले नियम अगदी व्यवहारी आहेत. आसनं रिकाम्या पोटी करावीत. ते जमत नसेल तर आधी एक कप चहा, कॉफी किंवा दूध घ्यायला हरकत नाही. अगदी हलकं खाल्लं असेल तर तासाभराने, भरपेट जेवण झालं असेल तर किमान चार तासांनी. आसनं संपल्यावर अर्ध्या तासाने खावं. सकाळचा चहा घेतल्याशिवाय ज्यांचे डोळे उघडत नाहीत, त्यांना खुद्द अय्यंगारांनी माफी दिलेली आहे, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

मराठी घरांत खरी अडचण असते ती रात्रीच्या जेवणाची. शहरांत रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाच्या आत क्वचितच होतं, आणि दिवसातलं मोठं जेवणही तेच होऊन बसतं. दहाला भरपेट जेवून अकराला आडवं झालं, की जळजळ आणि अपुरी झोप यांची सोय आपोआप होते. मग पहाटे साडेपाचचा गजर बंद केला जातो, किंवा माणूस वर्गाला येतो आणि शवासनात घोरतो. रविवारी रात्री रस्सा जरा सढळ हाताने झाला असेल, तर सोमवारी पवनमुक्तासन आपल्या नावाला जागतं. योगासाठी आहारात एकच बदल करायचा असेल, तर रात्रीचं जेवण दोन तास अलीकडे आणावं आणि त्यातली एक पोळी कमी करावी. बाकी कुठल्याही बियांपेक्षा, चूर्णांपेक्षा आणि हिरव्या रसांपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

त्या एका पोळीचाही हिशेब मांडण्यासारखा आहे. निरनिराळ्या हालचालींना किती ऊर्जा लागते याचं जे कोष्टक जगभर वापरलं जातं, त्यात साध्या हठयोगाला स्वस्थ बसण्याच्या अडीचपट ऊर्जा लागते असं धरलं आहे. साठ किलो वजनाच्या माणसाने तासभर आसनं केली, तर सुमारे १५० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या साठ तो नुसता बसून राहिला असता तरी जळाल्याच असत्या. उरल्या नव्वद, म्हणजे जेमतेम एक पोळी. वर्ग सुटल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीवर एक वडापाव खाल्ला, तर तीनशेच्या आसपास कॅलरी पोटात जातात. सूर्यनमस्कार वेगाने घातले तर आकडा थोडा वाढतो. तरी योगवर्गाला जातो म्हणून वाटेल ते खाता येईल, ही समजूत काही त्या गणितात बसत नाही.

कोल्हापूरच्या तालमीत हे गणित निराळं असतं. शेकड्यांनी जोर-बैठका, तासन्‌तास लढत. म्हणून दूध, बदामाची थंडाई, तूप, मटण असा दांडगा खुराक पैलवानाला पेलतो. कसरत सुटली आणि खुराक तसाच राहिला की पैलवानाचं काय होतं, हे कोल्हापुरात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. योगाभ्यासाला तो खुराक नको. दूध-तूप स्वात्मारामानेही सांगितलं आहे खरं, पण ते चौथा भाग रिकामा ठेवलेल्या पोटात.

मग योगाने वजन आटोक्यात राहतं असं लोक सांगतात, ते खोटं का? अमेरिकेतल्या सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रातले ॲलन क्रिस्टल यांनी या प्रश्नाचा माग काढला. पन्नाशीतल्या सुमारे साडेपंधरा हजार स्त्री-पुरुषांची माहिती त्यांच्यापुढे होती. २००५ साली त्यांनी ती मांडली. मध्यमवयातल्या दहा वर्षांत ज्यांचं वजन मुळात जास्त होतं आणि जे चार किंवा अधिक वर्षं नियमित योग करत होते, त्यांचं वजन सरासरी दोन किलोंहून थोडं अधिक उतरलं होतं. तशाच पण योग न करणाऱ्या लोकांचं सहा किलोंनी वाढलं होतं. आठवड्याला अर्ध्या-पाऊण तासाच्या सौम्य आसनांनी एवढ्या कॅलरी जळणं शक्यच नव्हतं. फरक दुसरीकडून येत असणार, असा क्रिस्टल यांना संशय आला.

म्हणून त्यांच्या गटाने खाताना माणूस किती भानावर असतो हे मोजणारी एक प्रश्नावली तयार केली. पोट भरल्यावरही समोर आहे म्हणून खाता का? जाहिरात पाहून भूक लागते का? मन उदास असताना डबे उघडता का? २००९ साली त्यांनी निष्कर्ष छापले. योग करणारे या प्रश्नावलीत वरचढ ठरले. चालणं किंवा इतर मध्यम व्यायाम करणाऱ्यांत तसा संबंध आढळला नाही. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. मुळात संयमी असलेली माणसंच योगाकडे वळत असतील, असंही म्हणता येईल. पण श्वासाकडे रोज अर्धा तास लक्ष देणाऱ्याला पोट भरल्याची खूणही लवकर कळू लागावी, यात नवल नाही. ही खूण मेंदूपर्यंत पोहोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि टीव्हीसमोर जेवणारा माणूस तोवर दुसऱ्यांदा भात वाढून घेऊन मोकळा झालेला असतो. आहार योगाला आधार देतो असं आपण म्हणतो. पण योगामुळे आहार सुधारतो, ही बाजूही तितकीच भक्कम दिसते.

आता ताटाकडे. आसनात स्थिर राहणं हे स्नायूंचं काम आहे, आणि स्नायूंना प्रथिनं लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. तीन पोळ्यांतून साधारण नऊ-दहा ग्रॅम मिळतात, वाटीभर मुगाच्या आमटीतून सात, मटकीच्या उसळीतून तितकीच, पेलाभर दुधातून सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांतून सहा, थोड्या भातातून चार, वाटीभर दह्यातून तीन. बेरीज बेचाळीस ते चव्वेचाळीसवर जाते, म्हणजे पन्नासला थोडीच कमी. डबे विकत आणून दुधात पावडर ढवळण्याची वेळ साध्या योगवर्गातल्या माणसावर सहसा येत नाही. मात्र या यादीतली उसळ आणि आमटी प्रत्यक्षात ताटात असली पाहिजे. पुष्कळ घरांत आमटी म्हणजे डाळीचं पाणी आणि उसळ म्हणजे आठवड्यातून एकदा, अशी स्थिती असते. उरलेली जागा पोळी आणि भात भरून काढतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांवर जाऊ नये असं म्हटलं आहे. ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा असावा, असंही त्यात आहे.

स्वात्मारामाचं इथे ऐकू नये. पालेभाज्या का नकोत, याचं कारण तो देत नाही. पाच पालेभाज्यांना त्याने सवलत दिली आहे आणि टीकाकार त्यांत चाकवताच्या कुळातली भाजी आणि पुनर्नवा, म्हणजे आपली घेटुळी, मोजतात. मेथी, माठ, शेपू, अंबाडी यांना त्यात जागा नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. अशा स्त्रीला सूर्यनमस्कारांत धाप लागते. उत्तानासनातून वर येताना डोळ्यांपुढे अंधारी येते. ती स्वतःला ‘स्टॅमिना नाही’ म्हणून दोष देत राहते. तिला बाजरी, पालेभाज्या, अळीव, कडधान्यं आणि त्यांवर पिळलेलं लिंबू हवं, कारण क जीवनसत्त्वामुळे भाज्यांतलं लोह चांगलं शोषलं जातं. चहातल्या टॅनिनमुळे ते अडतं. त्यामुळे न्याहारी आणि चहा ही जोडी तासाभरासाठी तरी मोडायला हवी. हिमोग्लोबिन बरंच खाली गेलं असेल, तर नुसत्या आहारावर विसंबून चालत नाही. गोळ्या लागतात.

दूध आणि दही यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. योगाकडे वळलेली पुष्कळ माणसं शाकाहारी होतात, काही जण त्याही पुढे जाऊन दूधही सोडतात. अहिंसेच्या विचाराने कोणी हे केलं, तर त्याचा आदरच करायला हवा. पण ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी या विषयावर दीर्घकाळ काम करत आले आहेत. पुण्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या मध्यमवयीन पुरुषांच्या त्यांनी तपासण्या केल्या, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत ब-१२ कमी निघालं. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. शाकाहाराशी या कमतरतेचा संबंध स्पष्ट होता.

योग करणाऱ्याला हे जीवनसत्त्व का महत्त्वाचं? ते कमी पडलं तर रक्तपेशी बिघडतात आणि मज्जातंतूंचं आवरण झिजतं. तळपायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. आपला पाय कुठे टेकला आहे, सांधा किती वाकला आहे, ही माहिती मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. डोळे मिटून वृक्षासन करताना तोल जातो तो कधी सरावाअभावी, तर कधी यामुळे. रक्ताच्या एका साध्या तपासणीत हे कळतं. इडली-आंबोळीच्या आंबवण्यातून किंवा मोडांतून ब-१२ पुरेसं मिळतं, हा समज टिकत नाही. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतून ते मिळतं, आणि दूधही न घेणाऱ्याने गोळी घेणं भाग आहे. स्वात्माराम मांसाशन नाकारतो आणि तो व घेरंड दोघेही दुधावर एवढा भर देतात, त्यामागे जीवनसत्त्वांचं ज्ञान नव्हतं हे उघड आहे. तरी त्यांचा शाकाहार दुधाच्या जोरावर तगला. त्यांच्या नावाने दूध सोडणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं. ताक-दही वर्ज्य करण्यामागचं कारण मात्र आजच्या पोषणशास्त्रात सापडत नाही. प्राणायामाआधी दह्याने कफ झाल्यासारखं वाटत असेल तर ते दुपारी खावं, एवढंच.

गोव्या-कोकणातल्या मासेखाऊ माणसाने काय करायचं? ‘हठप्रदीपिका’ त्याला मनाई करते. शरीरशास्त्र करत नाही. बांगड्याचं तिखलं खाऊन तासाभरात शीर्षासन करू नये, एवढाच निष्कर्ष पोटाच्या बाजूने काढता येतो. बाकीचा निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकाचा.

एका बाबतीत मात्र जुने ग्रंथ फ्रिजवाल्या पिढीला अडचणीत आणतात. ‘हठप्रदीपिका’ पुन्हा गरम केलेलं अन्न अहितकर ठरवते आणि गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळं अन्न तामसी लोकांना आवडणारं म्हटलं आहे. फोडणीचा भात आणि फोडणीची पोळी यांवर वाढलेल्या मराठी माणसाला हे जड जाईल. पण शिजवून तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो. त्याचं एक विष परतून किंवा उकळूनही नष्ट होत नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायचाच असेल, तर तो जेवणं होताच फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

उपवासाचा विषय निघाला की योगवर्गात दोन तट पडतात. एकादशी, दुप्पट खाशी ही म्हण आपल्याला नवी नाही. साबुदाणा हा कसावा या कंदाच्या पिठापासून बनतो आणि त्यात पिष्टाखेरीज जवळपास काहीच नसतं. खिचडीला जो काही सकसपणा येतो तो दाण्याच्या कुटामुळे. अशी खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि साबुदाणावडा खाऊन पोट हलकं राहत नाही. याउलट निर्जळी उपवास करून कपालभातीला बसणाराही असतो. घेरंड दोघांनाही थांबवतो. शरीराला क्लेश देणारे उपवास, दिवसातून एकदाच जेवणं आणि मुळीच न जेवणं, हे प्राणायाम शिकणाऱ्याने टाळावं असं तो सांगतो. सुरुवातीला दूध-तूप घ्यावं आणि दुपारी व संध्याकाळी अशी दोन जेवणं करावीत.

२०१८च्या सुमारास महाराष्ट्रात एक जोरदार वाद रंगला होता. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, आणि घरचंच खा. घेरंडाला मत विचारलं असतं, तर ते दीक्षितांच्या पारड्यात पडलं असतं; पण तुपाचा उल्लेख ऐकून दिवेकरांनाही हायसं वाटलं असतं. सर्वांना एकच वेळापत्रक लागू पडावं, हा हट्ट मात्र कोणीच धरू नये. खास करून मधुमेही माणसाने. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन रिकाम्या पोटी तासभर आसनं केली, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं ही तिची लक्षणं. वर्गातल्या शिक्षकाला ती ‘ऊर्जा जागृत झाली’ अशी वाटली, तर प्रसंग बिकट. रिकाम्या पोटाचा नियम अशा व्यक्तीसाठी नाही. औषधाची वेळ आणि खाण्याची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. गरोदर स्त्रियांनीही उपाशीपोटी आसनं करू नयेत.

पहाटेच्या अभ्यासाचं कौतुक ग्रंथांना असलं, तरी मुंबई-पुण्यातले असंख्य लोक संध्याकाळी सात-साडेसातला, कचेरीतून परस्पर वर्गाला पोहोचतात. त्यांची कोंडी निराळी. दुपारचं जेवण एकला झालेलं, सातपर्यंत भुकेने डोकं दुखायला लागतं, म्हणून वाटेत समोसा खाल्ला जातो आणि तो हलासनात आठवण करून देतो. यांनी पाच-साडेपाचच्या सुमाराला केळं, मूठभर चणे-फुटाणे, राजगिऱ्याची वडी किंवा नाचणीचं सत्त्व असं काहीतरी खावं. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हा वरचा फायदा. वर्ग संपल्यावर अर्ध्या तासाने घरी जे जेवण होईल ते ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, एखादी फळभाजी इतपत असलं की रात्र सुखाची जाते. जेवणानंतर लगेच बसायला अय्यंगारांनी वीरासनाची मुभा दिली आहे, पोटाचा जडपणा त्याने कमी होतो असं ते म्हणतात. गुडघे कुरकुरत असतील तर त्याऐवजी शतपावली घालावी. दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी जेवणानंतर चढणारी साखर काही अंशी आवरते, असं मधुमेहावरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे.